हेगच्या न्यायसभेत ‘सरंजाम’ : एका मांडणीचा इतिहास

१

मराठीत वक्तृत्वाची चर्चा पुष्कळ झाली आहे. परंतु ती बहुतांशी व्यासपीठाच्या आश्रयाने झाली आहे. न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, तेव्हापासून उत्तम वक्ता कोणास म्हणावे याविषयीच्या आपल्या कल्पना अशा मांडवांत घडत आल्या. शिवरामपंत परांजपे यांची वक्रोक्ती आणि आचार्य अत्रे यांचा विनोद हे त्या कल्पनांचे ठळक नमुने होत. ह्या सभांचा विशेष असा की, बोलणारा आणि ऐकणारा हे एकाच भाषेत वाढलेले असत. वक्त्याने एखाद्या ओवीचा अर्धा चरण उच्चारला, तर उरलेला अर्धा श्रोत्यांच्या मनात आपोआप उमटे. त्यामुळे मांडणीची एक अवघड कसोटी आपल्या विवेचनात मागे पडली. ज्या श्रोत्याला आपल्या शब्दांचा संस्कार नाही, ज्याला आपला इतिहास परका आहे, आणि जो आपल्या बाजूचा नाही तसाच विरुद्धही नाही, अशा श्रोत्यापुढे आपला विषय कसा ठेवावा, ही ती कसोटी होय.

ह्या कसोटीचे एक मोठे उदाहरण आपल्या अगदी जवळच्या मुलखात घडले आहे. दमणगंगेच्या खोऱ्यात, सिल्वासाच्या परिसरात गलोंडा नावाचे एक खेडे आहे. वारली, कोकणा, धोडिया आदी आदिवासींची वस्ती असलेल्या नगर हवेली परगण्यातील हे एक गाव. अशा खेड्यांवर कोणाचे राज्य होते, आणि ते राज्य कोणत्या हक्काने होते, हा प्रश्न १९५५ ते १९६० ह्या काळात युरोपातील हेग शहरी, आंतरराष्ट्रीय न्यायालयापुढे वादाचा विषय झाला. आणि त्या वादात पेशवाईतील मराठी कागदांचा अर्थ लावण्याचे काम जगातील निरनिराळ्या देशांच्या न्यायाधीशांवर येऊन पडले. ‘सरंजाम’ हा शब्द त्यांच्यापैकी बहुतेकांच्या कानावर पूर्वी पडला असण्याचा संभव नव्हता. तरीही त्या शब्दाचा मराठी अर्थ त्या न्यायसभेने मान्य केला. हे कसे घडले, त्या मांडणीने काय साधले आणि काय साधले नाही, हे प्रस्तुत लेखात पाहण्याचा आमचा विचार आहे. कायद्याच्या अंगाने ह्या खटल्याची चर्चा पुष्कळ झाली आहे. भाषेच्या आणि मांडणीच्या अंगाने त्याकडे पाहिले तर साहित्याच्या अभ्यासकालाही त्यात शिकण्यासारखे बरेच आढळेल, अशी आमची समजूत आहे.

२

प्रथम मूळ कागदांकडे वळू. १७७९ साली पुण्याच्या दरबारासमोर इंग्रजांचे संकट उभे होते. त्या वर्षाच्या आरंभी वडगावला इंग्रजांची नामुष्की झाली असली, तरी युद्ध संपले नव्हते. सवाई माधवराव पेशवे अल्पवयी होते आणि कारभाराची सूत्रे नाना फडणीस यांच्या हाती होती. अशा वेळी पश्चिम किनाऱ्यावरील पोर्तुगीजांशी स्नेह राखणे दरबारास सोयीचे होते. डिसेंबर १७७९ मध्ये जो तह झाला, त्याच्या १७ व्या कलमात पोर्तुगीजांना दमणच्या बाजूस १२,००० रुपये वार्षिक वसुलाची गावे देण्याचे ठरले. मराठी आरमाराच्या हातून १७७२ साली पोर्तुगीजांच्या ‘सांताना’ जहाजाची जी हानी झाली, तिच्या भरपाईशीही ह्या देणगीचा संबंध सांगितला जातो. तहाची अंमलबजावणी लगेच झाली नाही. १७८३ साली एक सनद निघाली, १७८५ साली दुसरी; आणि त्यांच्या आधारे नगर हवेली व दादरा येथील गावे पोर्तुगीजांच्या ताब्यात गेली.

‘हवेली’ ह्या नावातच मुलकी कारभाराचा इतिहास आहे. परगण्याच्या मुख्य ठाण्याभोवतीच्या गावांस ‘हवेली’ म्हणण्याचा परिपाठ जुना आहे. पुण्याचा हवेली तालुका हे त्याचे घरचे उदाहरण. पोर्तुगीज उच्चारात ‘ह’ लोपतो, म्हणून त्यांच्या दप्तरात ‘नगर-आवेली’ असे रूप आले आणि तेच पुढे हेगच्या निकालपत्रातही उतरले. एखादा शब्द परक्या मुखात गेला की त्याचा काही भाग कसा गळून पडतो, ह्याची ही पहिली खूण समजावी.

उच्चारातील एक अक्षर गळाले तर फारसे बिघडत नाही. पण अर्थाचा अंश गळाला तर मुलूख हातचा जातो. सनदांतील देणगीचे स्वरूप सरंजामाचे होते. मराठेशाहीच्या व्यवहारात इनाम, वतन आणि सरंजाम ह्या तीन निरनिराळ्या गोष्टी होत. इनाम बहुधा वंशपरंपरेने चालण्यासाठी दिलेले असे. वतन हा गावगाड्यातील अधिकाराला जोडलेला वारसाहक्क होता. सरंजाम म्हणजे सेवेसाठी किंवा निर्वाहासाठी लावून दिलेला ठराविक मुलखाचा वसूल. जमीन सरकारची, सत्ता सरकारची. फक्त तिच्या उत्पन्नाची नेमणूक दुसऱ्याच्या नावे. सरंजामदाराने वसूल घ्यावा, बंदोबस्त राखावा, प्रसंगी पुंडावा मोडावा. परंतु तो त्या मुलखाचा राजा नव्हे. सरकारने मनात आणल्यास सरंजाम बदलता येई, काढून घेता येई. मुसलमानी अमदानीतील जहागिरीचा हाच धर्म होता, म्हणून दोन्ही शब्द पुष्कळदा एकमेकांच्या जागी येतात.

मराठी वाचकाला हे सांगावे लागत नाही. पेशव्यांच्या इतिहासातील कोणतेही पान उघडले तरी सरंजामाचा उल्लेख दृष्टीस पडतो. परंतु हाच शब्द युरोपीय भाषेत नेताना केवळ ‘दान’ किंवा ‘प्रदान’ असा उतरविला, तर ऐकणाऱ्याच्या मनात चित्र उभे राहते ते एका राजाने दुसऱ्या राजाला मुलूख तोडून दिल्याचे. युरोपातील तहांच्या इतिहासात वाढलेल्या माणसाला ते चित्र नैसर्गिक वाटते. पोर्तुगालची बाजू नेमकी ह्या चित्रावर उभी होती.

३

खटल्यापर्यंतची हकीकत थोडक्यात अशी. दादरा आणि नगर हवेली ह्यांना समुद्र नाही. दमणचा पोर्तुगीज किनारा आणि ही गावे ह्यांच्या मध्ये तेव्हाच्या सुरत जिल्ह्यातील पारडी तालुक्याचा मुलूख होता. म्हणजे दमणहून सिल्वासाला जाणाऱ्या अंमलदारास भारताच्या हद्दीतून जाण्यावाचून गत्यंतर नव्हते. २१–२२ जुलै १९५४ च्या रात्री फ्रान्सिस मास्करेन्हस यांच्या नेतृत्वाखालील युनायटेड फ्रंट ऑफ गोअन्सच्या स्वयंसेवकांनी दादरा मुक्त केले. त्यानंतर थोड्याच दिवसांत, २ ऑगस्ट १९५४ रोजी, सिल्वासा मुक्त झाले. ह्या लढ्यात आझाद गोमंतक दल आणि राष्ट्रीय स्वयंसेवक संघ यांचे कार्यकर्ते होते. संगीतकार सुधीर फडके यांचा त्यातील सहभाग प्रसिद्धच आहे. ह्या दिवसांत पोर्तुगालने आपले अधिकारी आणि सैन्य पाठविण्यास वाट मागितली; भारताने ती दिली नाही. मुक्त झालेल्या मुलखाचा कारभार वरिष्ठ पंचायतीच्या हाती आला.

पोर्तुगाल १४ डिसेंबर १९५५ रोजी संयुक्त राष्ट्रसंघाचा सदस्य झाला, १९ डिसेंबरला त्याने न्यायालयाचा अधिकार मान्य केल्याचे जाहीर केले, आणि २२ डिसेंबरला भारताविरुद्ध अर्ज दाखल केला. मागणी वरवर पाहता साधी होती : आमच्या मुलखात जाण्यासाठी तुमच्या मुलखातून वाट हवी. परंतु वाटेचा हक्क मागणाऱ्यास आधी पलीकडचे घर आपले आहे हे दाखवावे लागते. त्यामुळे १७७९ चा तह आणि त्यामागून आलेल्या सनदा ह्यांना अचानक जागतिक महत्त्व आले.

आपल्या कीर्तनात पूर्वरंग आणि उत्तररंग असे दोन भाग असतात. पूर्वरंगात सिद्धान्ताचे निरूपण होते, उत्तररंगात आख्यान येते. आणि पूर्वरंग ज्याला धरता आला नाही, त्याचे आख्यान कितीही रसाळ असले तरी सभा पुरती त्याची होत नाही. हेगच्या खटल्याचेही असेच दोन भाग पडले. भारताने आरंभी सहा प्राथमिक आक्षेप घेतले. हा वाद ऐकण्याचा अधिकारच न्यायालयास नाही, असा त्यांचा सारांश होता. २६ नोव्हेंबर १९५७ च्या निर्णयाने त्यांपैकी चार फेटाळले गेले आणि दोन मुख्य वादाबरोबर विचारार्थ ठेवले गेले. पुढे तेही मान्य झाले नाहीत. म्हणजे पूर्वरंगात भारताची बाजू हरली. आता उत्तररंगावर सारे अवलंबून होते, आणि त्याची तोंडी सुनावणी सप्टेंबर ते नोव्हेंबर १९५९ ह्या काळात झाली. भारताच्या बाजूने महान्यायवादी मोतीलाल सेटलवाड हे प्रमुख होते. त्यांच्या साह्याला इंग्लंडचे सर फ्रँक सॉस्किस व हम्फ्री वॉल्डॉक, बेल्जमचे आँरी रोलँ आणि स्वित्झर्लंडचे पॉल गुगेनहाइम असे आंतरराष्ट्रीय कायद्याचे जाणकार होते. पोर्तुगालच्या बाजूस मोरिस बुर्कँ यांच्यासारखे ख्यातनाम पंडित होते.

ह्या साह्यकांची निवड हाच मांडणीचा पहिला धडा होय. न्यायालयाच्या भाषा दोन, इंग्रजी आणि फ्रेंच. समोरच्या आसनांवर नॉर्वे, फ्रान्स, अमेरिका, पोलंड, इजिप्त, उरुग्वे, रशिया, अर्जेंटिना, मेक्सिको, चीन, ऑस्ट्रेलिया, ग्रीस अशा देशांचे न्यायाधीश होते. अध्यक्ष नॉर्वेचे क्लेस्टाड. उपाध्यक्ष पाकिस्तानचे सर झफरुल्ला खान. भारताने नेमलेले खास न्यायाधीश महंमद करीम छागला, जे १९५८ पर्यंत मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. पोर्तुगालने नेमलेले मानुएल फर्नांडिस. ह्या १५ जणांत सनद, जहागीर, परगणा हे शब्द ज्यांनी आपल्या वकिलीच्या व न्यायदानाच्या व्यवहारात ऐकले असतील, असे दोघेच : छागला आणि झफरुल्ला खान. उरलेल्या १३ जणांना ते शब्द नव्याने समजावून द्यावयाचे होते. श्रोता कोण आहे हे ओळखून बोलावे असे आपण नेहमी म्हणतो. येथे श्रोत्यांची यादी हीच मांडणीची पहिली अट होती.

४

मराठी मजकूर परक्या श्रोत्यापुढे मांडण्याचा प्रसंग आपल्या इतिहासात पूर्वीही आला होता, आणि त्याची आठवण येथे उपयोगी पडेल. जुलै १९०८ मध्ये मुंबईच्या उच्च न्यायालयात लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला. ‘केसरी’तील लेख मराठी, न्यायासनासमोर ठेवले गेले ते त्यांचे इंग्रजी भाषांतर. पंचांत सात युरोपीय आणि दोन पारशी होते. टिळकांनी सुमारे २१ तास स्वतः भाषण केले. भाषांतरात मूळ शब्दांचा अर्थ कसा विपर्यस्त झाला आहे, मराठीत शब्दाला जो सौम्य अर्थ आहे तो इंग्रजीत कसा उग्र होतो, हे दाखविण्याचा त्यांनी कसोशीने प्रयत्न केला. पंचांचा कौल सात विरुद्ध दोन असा त्यांच्याविरुद्ध पडला आणि २२ जुलैला त्यांना सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा झाली.

टिळकांची बुद्धी, तयारी किंवा धैर्य ह्यांत उणे काही नव्हते. त्यांच्या शब्दमीमांसेला एका गोष्टीची जोड मिळणे शक्य नव्हते. एखाद्या लेखातील शब्दाचा अर्थ लेखकाच्या मनातील हेतूवर ठरतो असे मानले, तर त्या हेतूचा साक्षीदार लेखकच, आणि तोच आरोपी. शब्दाला बाहेरचा साक्षीदार नव्हता. शिवाय पंचांच्या मनात त्या वेळच्या बाँबस्फोटांचे भय होते. परक्या श्रोत्याला शब्दाचा अर्थ सांगणे ही एक गोष्ट. तो अर्थ त्याने स्वतः पडताळून पाहावा अशी सोय करून देणे ही दुसरी. १९०८ च्या खटल्यात पहिली गोष्ट पूर्णत्वास गेली. दुसरी परिस्थितीने अशक्य केली.

हेगमध्ये ही दुसरी गोष्ट शक्य होती, आणि ती साधली गेली. ‘सरंजाम म्हणजे सार्वभौमत्व नव्हे’ एवढे विधान करून थांबणे म्हणजे श्रोत्याला आपल्या शब्दावर विश्वास ठेवण्यास सांगणे होय. त्याऐवजी न्यायालयापुढे मराठ्यांनी केलेले इतर तह आले. जेथे मराठ्यांना खरोखरीच मुलूख कायमचा तोडून द्यावयाचा होता, तेथे त्यांनी तसे स्पष्ट शब्द वापरले होते. निरंतर सत्ता, कायमचे प्रदान असा आशय तेथे निःसंदिग्ध होता. पोर्तुगीजांच्या तहाच्या १७ व्या कलमात तसे शब्द नव्हते. दोन्ही पक्षांनी त्या कलमाचे निरनिराळे पाठ सादर केले होते. त्यांपैकी कोणत्याही पाठातील भाषेने सार्वभौमत्व दिले गेले असे न्यायालयास वाटले नाही. आणि सनदांत तर देणगीचे नावच लिहिले होते. अशी देणगी हिंदुस्थानात सर्रास दिली जात असे. परंतु तिचा अर्थ मुलूख तोडून देणे असा कधी केला गेला, ह्याचे एकही उदाहरण न्यायालयाच्या निदर्शनास आले नाही.

ह्यातील तर्काची घडण आपल्या न्यायशास्त्राला परिचित आहे. प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन ही पंचावयवी रचना येथे पुरती दिसते. हे देणे सार्वभौमत्वाचे नव्हे, ही प्रतिज्ञा. कारण ते सरंजामाचे आहे, हा हेतू. जेथे सार्वभौमत्व द्यावयाचे तेथे मराठे निराळे शब्द वापरीत, हे उदाहरण. येथे ते शब्द नाहीत, हा उपनय. म्हणून निगमन सिद्ध. पंचावयवांचे सारे बळ तिसऱ्या अवयवात, म्हणजे उदाहरणात आहे, असे आम्हांस वाटते. मराठी न जाणणारा न्यायाधीशही दोन तह शेजारी ठेवून पाहू शकतो. शब्दाचा अर्थ कोशावर न टाकता वापरावर टाकला, की परका श्रोता परका राहत नाही. तो त्या पडताळणीत सहभागी होतो. पोर्तुगीजांना गावांतील बंड मोडण्याचा अधिकार दिला होता, त्याअर्थी ते राजे होते, असा प्रतिवाद झाला. पण बंदोबस्त हा सरंजामदाराच्या कर्तव्याचाच भाग होता, हे एकदा ध्यानात आल्यावर त्या प्रतिवादाचा जोर ओसरला. तहाने आणि सनदांनी मराठ्यांना सरंजामच द्यावयाचा होता, सार्वभौमत्व नव्हे, असा स्पष्ट निष्कर्ष १२ एप्रिल १९६० च्या निकालात नोंदविला गेला.

५

येथे लेख संपविला असता तर ती आपल्या भाषेच्या विजयाची सुखद कथा ठरली असती. परंतु इतिहास तेथे संपत नाही. सरंजामाचा मुद्दा जिंकूनही भारताने तेवढ्याने खटला जिंकला नाही.

न्यायालयाने पुढचा प्रश्न विचारला : मराठ्यांनी सार्वभौमत्व दिले नाही हे खरे, पण १८१८ नंतर मराठ्यांच्या जागी इंग्रज आले, तेव्हा काय झाले? इंग्रजांना ह्या गावांत पोर्तुगीजांचा संपूर्ण आणि अनन्य कारभार चालू असलेला दिसला. त्यांनी तो मोडला नाही. उलट प्रत्यक्ष न बोलता पोर्तुगालचे सार्वभौमत्व गृहीत धरले. पुढे भारतानेही तेच गृहीत धरले. म्हणून ती गावे पोर्तुगीज सत्तेखालची मुलुखाची बेटे ठरली. सनदेतील शब्द एक सांगत होता, दीडशे वर्षांचा व्यवहार दुसरे सांगत होता. मराठेशाहीचा अभ्यासक ह्याने चकित होणार नाही. शिंदे-होळकरांचे सरंजामही कागदावर सरंजामच होते. व्यवहारात त्यांची राज्ये झाली. शब्दाचा मूळ अर्थ सिद्ध करणे आणि तो अर्थ पुढे टिकला हे सिद्ध करणे, ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. भाषाशास्त्रात अर्थपरिवर्तन म्हणतात, त्याचेच हे राजकीय रूप.

मग निकाल कशावर लागला? जाण्यायेण्याच्या प्रत्यक्ष वहिवाटीवर. पोर्तुगालने जगातील निरनिराळ्या कायदेपद्धतींतून, चहूबाजूंनी वेढलेल्या जमिनीच्या मालकास वाट मिळाली पाहिजे, असे सर्वसाधारण तत्त्व काढून दाखविले होते. त्यामागील व्यासंग मोठा होता. परंतु दोन राज्यांमधील दीर्घकालीन प्रत्यक्ष व्यवहार उपलब्ध असता सर्वसाधारण तत्त्वांकडे जाण्याचे कारण नाही, असे न्यायालयाने ठरविले. भारताचा असा एक युक्तिवाद होता की, केवळ दोन राज्यांमध्ये रूढी निर्माण होऊच शकत नाही. तोही न्यायालयाने स्वीकारला नाही. दोन्ही पक्षांचे व्यापक सिद्धान्त बाजूला पडले, आणि पारडी तालुक्यातील रस्त्यावरून प्रत्यक्ष कोण गेले, कसे गेले, परवानगी घेऊन की न घेता, हा प्रश्न उरला.

ह्या प्रश्नाचे उत्तर माणसांप्रमाणे वेगळे होते. खाजगी माणसे, मुलकी अंमलदार, सर्वसाधारण माल ह्यांची ये-जा सामान्यतः बिनहरकत चालत आली होती. सशस्त्र शिपायांची गोष्ट निराळी. २६ डिसेंबर १८७८ रोजी ग्रेट ब्रिटन आणि पोर्तुगाल ह्यांच्यात जो करार झाला, त्यात एकाच्या सैन्याने दुसऱ्याच्या हिंदुस्थानातील हद्दीत विशिष्ट कारणांवाचून व रीतसर मागणीवाचून शिरू नये, असे कलम होते. पोर्तुगालने दाखविले की, १८८० ते १८८९ ह्या काळात २३ प्रसंगी त्याचे सैनिक परवानगीवाचून पारडीतून गेले होते. पण डिसेंबर १८९० मध्ये मुंबई सरकारने ह्याबद्दल तक्रार केली, तेव्हा गोव्याच्या गव्हर्नर जनरलने उत्तर पाठविले की, पोर्तुगीज सैन्य पूर्वपरवानगीवाचून ब्रिटिश हद्द कधीच ओलांडीत नाही, आणि ही रीत शतकानुशतके पाळली जात आहे. त्या घटकेला ते उत्तर मुत्सद्देगिरीचे होते; ७० वर्षांनी ते पोर्तुगालच्याच विरुद्ध पुरावा झाले. १९४० सालच्या व्यवस्थेत तर दहापर्यंतच्या सशस्त्र पोलिसांची खबर मागाहून २४ तासांत द्यावी आणि त्याहून अधिक संख्या असल्यास आधी संमती घ्यावी, इतका बारीक भेद केला गेला होता. ज्याला संमती लागते तो हक्क नव्हे, ही गोष्ट मग सिद्ध करावी लागली नाही. ती कागदातूनच दिसली.

निकाल त्याप्रमाणे झाला. १९५४ साली पोर्तुगालला आपल्या सार्वभौमत्वासाठी आवश्यक तेवढा, आणि भारताच्या नियंत्रणाधीन, असा खाजगी व्यक्ती, मुलकी अधिकारी व सर्वसाधारण माल ह्यांपुरता मार्गाचा हक्क होता, असे ११ विरुद्ध ४ मतांनी ठरले. सशस्त्र सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रास्त्रे ह्यांना तो हक्क नव्हता, हे ८ विरुद्ध ७ अशा अवघ्या एका मताने ठरले. आणि १९५४ च्या तणावाच्या परिस्थितीत भारताने वाट नाकारली ती आपल्या नियंत्रणाच्या अधिकारातच नाकारली, भारताकडून कर्तव्यभंग झाला नाही, असे ९ विरुद्ध ६ मतांनी ठरले. छागला यांनी आपले भिन्नमत स्वतंत्रपणे नोंदविले. पोर्तुगालच्या तोंडात हक्काचा शब्द राहिला. सिल्वासाला सैन्य नेण्याची वाट मात्र बंद झाली.

६

ह्या सगळ्या व्यवहारातून मांडणीविषयी काय निष्पन्न होते?

पहिली गोष्ट अशी की, भारताचे पुष्कळ मुद्दे पडले आणि तरीही बाजू उभी राहिली. सहा प्राथमिक आक्षेप गेले. तह कायदेशीर अस्तित्वातच आला नव्हता हा मुद्दा गेला, कारण खुद्द मराठ्यांनी त्या तहाविषयी कधी शंका घेतली नव्हती. दोन राज्यांत रूढी होत नाही हा मुद्दा गेला. परंतु ह्यांपैकी एकही मुद्दा दुसऱ्याच्या खांद्यावर उभा नव्हता. तह झालाच नाही. झाला असल्यास तो सरंजामाचा. सार्वभौमत्व आले असल्यास मार्गाचा हक्क नाही. हक्क असल्यास तो शस्त्रांना नाही. असल्यास तो आमच्या नियंत्रणाखाली. प्रत्येक पायरी स्वतंत्र पायावर बांधली होती, म्हणून वरची ढासळली तरी खालची शाबूत राहिली. आपल्या व्याख्यानांत व प्रबंधांत पुष्कळदा ह्याच्या उलट घडते. सारा इमला एका आवडत्या सिद्धान्तावर रचलेला असतो, आणि श्रोत्याने तो एक सिद्धान्त नाकारला की वक्त्याजवळ बोलण्यासारखे काही उरत नाही.

दुसरी गोष्ट, निर्णायक ठरला तो व्यापक सिद्धान्त नव्हे, तर एक नेमका भेद : साधा प्रवासी आणि सशस्त्र शिपाई ह्यांतला. तो भेद हातात घेण्यासाठी न्यायाधीशास मराठी येण्याची गरज नव्हती, हिंदुस्थानचा इतिहास पाठ असण्याचीही नव्हती. सभेतून उठून जाताना श्रोता आपल्याबरोबर जे घेऊन जातो, ते वक्त्याचे पांडित्य क्वचितच असते. बहुधा असा एखादा भेदच असतो, जो ऐकल्यानंतर तो त्याला स्वतःचाच वाटू लागतो. मांडणी करणाऱ्याने आपल्या सामग्रीत असा भेद शोधावा आणि बाकीची सामग्री त्याच्या सेवेला लावावी.

तिसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. त्या भव्य सभेत सरंजामाविषयी बोलले गेले, सार्वभौमत्वाविषयी बोलले गेले, पारडीच्या रस्त्याविषयी बोलले गेले. ज्या गावांविषयी हे सारे चालले होते, त्या गावांतील माणूस मात्र त्या सभेत नव्हता. न्यायालयापुढे राज्येच पक्षकार होऊ शकतात, त्यामुळे हा कोणाचा दोष म्हणता येत नाही. परंतु १७७९ च्या तहात गलोंड्यासारखी खेडी वसुलाच्या आकड्यात मोजली गेली, आणि १९५९ च्या वादात ती वाटेच्या दोन टोकांपैकी एक म्हणून आली. दोन्ही वेळा तेथील वारली किंवा कोकणा कुटुंबाचे म्हणणे कागदावर आले नाही. सनदेत ज्यांचा उल्लेख फक्त ‘गावे’ असा आहे, त्यांची बोली मराठीच्या इतकी शेजारी असूनही आपल्याही ग्रंथसंग्रहांत तिचे स्थान अल्पच आहे. कितीही कुशल मांडणी झाली, तरी ती कागदांत जे आहे तेवढेच मांडू शकते. जे कधी लिहूनच ठेवले गेले नाही, ते कोणता वकील पुढे आणणार?

पुढील घटना सर्वश्रुत आहेत. ११ ऑगस्ट १९६१ रोजी घटनेच्या दहाव्या दुरुस्तीने दादरा व नगर हवेली भारताचा केंद्रशासित प्रदेश झाला. ३१ डिसेंबर १९७४ च्या कराराने पोर्तुगालने हे विलीनीकरण मान्य केले. २६ जानेवारी २०२० पासून ह्या प्रदेशाचा कारभार दमण व दीवशी जोडला गेला. ज्या दोन मुलखांच्या मधल्या वाटेसाठी हेगला एवढा वाद झाला, ते आज एकाच प्रशासनाखाली आहेत. न्यायालयाने दिलेला वाटेचा हक्क पोर्तुगालला कधी वापरता आला नाही.

तथापि त्या खटल्याचे महत्त्व एवढ्याने उणे होत नाही. पेशव्यांच्या कारकुनाने १७८३ साली एक शब्द जपून लिहिला, म्हणून १७७ वर्षांनी त्याचा अर्थ हजारो मैलांवरच्या सभेत मान्य होऊ शकला. आपल्या दप्तरखान्यांत मोडीचे असे असंख्य कागद आहेत, आणि ते वाचणारे डोळे दिवसेंदिवस कमी होत आहेत. एखाद्या दिवशी त्यांपैकी एखाद्या शब्दाची साक्ष काढण्याची पाळी पुन्हा येईल, तेव्हा बोलणारे पुष्कळ मिळतील. त्यांच्या हाती तो कागद वाचून देणारा मनुष्य मिळेल की नाही, ह्याचा विचार मराठी विद्वत्संस्थांनी आजच केला पाहिजे. आणि तो करताना, सनदेच्या पलीकडे राहिलेल्या दमणगंगेकाठच्या बोलींची नोंद कोणी घ्यावयाची, हा प्रश्नही आपल्या कामाच्या यादीत असावा, एवढेच आमचे निवेदन आहे.